मदत हवी आहे: बुधवारी फातोर्ड्याला मॅच, गाडीने जायचंय, रस्ता सांगा

निळाशर्ट | रविवार, २१ एप्रिल २०२४, सकाळी ७:४०

काल रात्री आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, फुटबॉल) गोव्याने चेन्नईयिनला २-१ ने हरवलं, म्हणजे सेमीफायनलला आमच्या मुंबई सिटीसमोर गोवा. पहिला लेग (दोन सामन्यांपैकी पहिला) बुधवारी २४ तारखेला संध्याकाळी साडेसातला फातोर्ड्याला, मडगावच्या स्टेडियमवर. मी गाडीने जाणार हे नक्की. आंबोली की चोर्ला? आणि मॅच संपल्यावर रात्री लगेच परत निघायचंय, तर रात्रीच्या वेळी कुठला घाट बरा? मॅपवर दर वेळी वेगळं दाखवतंय. हाताशी दोनच दिवस आहेत. ज्यांनी हल्ली प्रवास केलाय त्यांनीच सांगा, प्लीज.

घाटवाट | सकाळी ८:०५

निघणार कुठून, ते लिहिलंच नाहीत. मुंबई, पुणे, नाशिक, प्रत्येकाचा रस्ता वेगळा. गाडी कोणती, माणसं किती, चालवणारे किती?

चोर्ला मी मार्चमध्ये केला. बेळगाव सोडल्यावर रणकुंडे, जांबोटी, कणकुंबी हा पट्टा खड्ड्यांचा आहे, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवरच जावं लागतं. तरी मी चोर्लाच सांगेन, कारण तुम्हाला मडगावला जायचंय. चोर्ला उतरलात की साखळी, फोंडा, बोरीचा पूल आणि मडगाव. पणजीत शिरायची गरजच नाही. आंबोलीने गेलात तर बांदा, पत्रादेवी, म्हापसा, पणजी, झुआरी एवढं सगळं पार करत खाली यावं लागतं.

रूळरस्ता | सकाळी ८:२०

गाडी कशाला काढता? मुंबईहून मांडवी आहे, वंदे भारत आहे. पुण्याहून असाल तर गोवा एक्स्प्रेस पहाटे निघते आणि संध्याकाळी मडगावला सोडते. मिरज, बेळगाव, लोंढा करत कॅसलरॉकवरून खाली उतरते. दूधसागर डब्यातून दिसतो. एप्रिलमध्ये पाणी कमी असतं, पण तो उतार एकदा तरी बघायलाच हवा. मी पाच वेळा केलाय.

निळाशर्ट | सकाळी ८:४५

पुण्याहून. वॅगनआर, सीएनजी. ट्रेनचं विचारलेलं नाही, तत्काळवर मला भरवसा ठेवायचा नाहीये. आणि मॅच साडेनऊ-पावणेदहाला संपणार, तोवर मुंबईकडची कोकणकन्यासुद्धा निघून गेलेली असते. रस्त्याचं सांगा.

फातोर्डेकर | सकाळी ९:१०

या, या. पाहुण्यांचं स्वागत आहे. मी स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर राहतो आणि १९८९ ला ते उभं राहिलं तेव्हापासून तिथे जातोय. साळगावकर, धेंपो, चर्चिल, गोव्याच्या सगळ्या जुन्या क्लबांच्या मॅचेस बघितल्या. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा आयएसएलचं नावही नव्हतं.

महत्त्वाचं सांगतो. बुधवारी सहानंतर स्टेडियमच्या आसपास गाडी घेऊन फिरू नका. दोन तास आधी या, गाडी मडगावात कुठेतरी लांब लावा आणि चालत या. आत पाण्याची बाटली, पॉवरबँक, नाणी गेटवर काढून घेतात. निळा शर्ट घालून आमच्या लोकांत बसू नका. मारामारी होत नाही, पण तुम्हालाच मोकळेपणाने ओरडता येणार नाही. पाहुण्यांच्या ब्लॉकचंच तिकीट घ्या.

आणि २०१५ ला इथेच आम्ही मुंबईला सात गोल घातले होते. ७-०. मी तिथे होतो.

अंधेरी_पूर्व | सकाळी ९:३२

२०१५ चं काय घेऊन बसलात? २०२१ ची सेमीफायनल आठवा, २-२, ०-० आणि पेनल्टीवर ६-५ ने आम्ही. मग कपही आमचा, शील्डही (लीगमधल्या पहिल्या नंबरचं) आमचं. धागाकर्ते, तुम्ही एकटेच जाताय का? इथे अजून कोणी जाणारं असेल तर एकत्र बसता येईल.

फातोर्डेकर | सकाळी ९:४०

ती रिकाम्या स्टेडियममधली मॅच होती, कोविडमधली. प्रेक्षक असते तर वेगळं झालं असतं.

मिसळवाला_भावा | सकाळी १०:०२

भावा, पुण्याहून गोव्याला म्हणजे कोल्हापूरवरूनच जाणार तू. मंगळवारी २३ ला चैत्र पौर्णिमा आहे, जोतिबाची मोठी यात्रा. लाखांनी माणूस येतंय. सासनकाठ्या, ट्रॅक्टर, टेम्पो, चालत येणारी माणसं. मंगळवारी संध्याकाळी यात्रा परतताना हायवेला लागशील तर गुलालातच अडकशील. त्यात सातारा ते कागल सहापदरीचं काम चाललंय, जागोजागी डायव्हर्शन. कवा निघणार ते सांग आधी.

निळाशर्ट | सकाळी १०:३०

यात्रेचं लक्षातच नव्हतं, धन्यवाद. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर सहाला निघायचं ठरवलं होतं. कोल्हापूरला थांबावंच लागेल, बाबांना घ्यायचंय. ते तिथेच असतात. रात्री मुक्काम, बुधवारी सकाळी पुढे.

मृदुला_ठाणे | सकाळी १०:४१

बाबा बरोबर आहेत हे आधी का नाही सांगितलंत? वय काय त्यांचं? काही दुखणं? मॅचनंतर रात्री लगेच निघायचंय म्हणता, तर गाडी चालवणारे तुम्ही एकटेच का? आणि रात्रीच का निघायचंय? यावरच सगळं अवलंबून आहे, घाट नंतर.

घाटवाट | सकाळी ११:००

घाट नंतर कसा? रस्ता ठरल्याशिवाय वेळ कशी ठरणार?

बरं, वाटेत कोल्हापूर आहे तर अजून एक सांगतो. मॅपने गगनबावडा दाखवला तर ऐकू नका. करूळ घाट जानेवारीपासून कामासाठी बंद आहे. आणि सीएनजी कोल्हापूरलाच पूर्ण भरा, पुढे पेट्रोलवर टाका. घाटात चढाला गॅसवर गाडी दम सोडते. पेट्रोल मात्र कमीच ठेवा आणि गोव्यात भरा. आपल्यापेक्षा लिटरमागे आठेक रुपयांनी स्वस्त आहे.

रात्री निघायचंच असेल तर माझा सल्ला ८५ व्या मिनिटाला उठा. मी क्रिकेटच्या मॅचला नेहमी हेच करतो. शेवटच्या पाच मिनिटांत निकाल क्वचित बदलतो. उलट गर्दीत अडकलात तर एक तास तिथेच गेला. तो तास तुम्हाला घाटात हवाय.

अंधेरी_पूर्व | सकाळी ११:०८

सेमीफायनलला ८५ व्या मिनिटाला उठायचं? ९०० किलोमीटर जाऊन-येऊन? हा सल्ला फुटबॉल बघणारा माणूस देणार नाही.

घाटवाट | सकाळी ११:१५

मी रस्त्याचा सल्ला देतोय. बावीस वर्षं ट्रान्स्पोर्टच्या धंद्यात आहे. रात्री दोन ते पाचमधले अपघात मी उचललेले आहेत. तुम्ही उचलले असतील तर बोला.

कासारगोडचा_जावई | सकाळी ११:३७

घाटवाट यांच्या काळजीशी मी सहमत आहे. २०२२ ची फायनल फातोर्ड्याला होती, हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स. केरळचे दोन तरुण चाहते त्या मॅचला मोटरसायकलवरून निघाले होते, आमच्या कासारगोड जिल्ह्यातच अपघात होऊन गेले. मी तेव्हा सासरी होतो. दुसऱ्या दिवशी गावात पिवळे शर्ट घातलेली मुलं नुसती रस्त्याच्या कडेला बसून होती, कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मॅच बघायला जरूर जा, पण झोप पूर्ण करूनच गाडी हातात घ्या.

निळाशर्ट | दुपारी १२:२०

सगळं सांगतो. बाबा ६८ वर्षांचे आहेत. उजवा गुडघा दुखतो, जिने चढायला त्रास होतो, बाकी ठणठणीत. गाडी मी एकटाच चालवणार. गुरुवारी सकाळी ११ ला ऑफिसची मीटिंग आहे, ती चुकवता येणार नाही, म्हणून रात्री निघणं भाग आहे. बुधवारची रजाच कशीबशी मिळाली.

बाबा कोल्हापूरला तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेत, बॅकला (बचावफळीत). मी लहान असताना मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाहू स्टेडियमला न्यायचे. गोव्यातलं मैदान त्यांनी कधी पाहिलेलं नाही. खेळत असताना गोव्याला स्पर्धेला जायचं ठरलं होतं, ते काही कारणाने राहिलं. फातोर्डा एकदा बघायचंय, असं ते दर वर्षी म्हणतात. यंदा योग आलाय, म्हणून ही घाई.

मिसळवाला_भावा | दुपारी १२:२४

कुठली तालीम?

निळाशर्ट | दुपारी १२:३१

पाटाकडील.

मिसळवाला_भावा | दुपारी १२:३८

मग आमचं नाही जमायचं, आम्ही शिवाजी तरुण मंडळाची माणसं. पण वडिलांना माझा नमस्कार सांग. सत्तर-ऐंशीच्या दशकातला पाटाकडीलचा बॅक म्हणजे आमच्या थोरल्या चुलत्यांनी त्यांना नक्की तोंड दिलेलं असणार. आज रात्री चुलत्यांना विचारतो. तू यात्रेचं टेन्शन घेऊ नको. साताऱ्यात जेवून उशिराच ये, दहा-साडेदहानंतर कराड सोड, तवर परतीची गर्दी पांगते.

नळस्टॉप | दुपारी १:०५

मला एक समजत नाही. कोल्हापूरचे, राहता पुण्यात, मग मुंबईचे चाहते कसे?

निळाशर्ट | दुपारी १:१८

एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडला. पाच सीझन बालेवाडीला जात होतो, शेवटी नारंगी स्कार्फ कपाटात ठेवला. त्यानंतर दोन वर्षं कोणालाच धरलं नाही. मग राहुल भेके मुंबईकडे आला. मराठी पोरगा, आज कॅप्टन आहे. तिथून सुरू झालं. हा धागा त्यासाठी नाहीये, रस्त्याचं सांगा.

अवे_गोल | दुपारी १:३०

मुंबईने तिथे दोन गोल केले तर बरोबरीतही फायदा ना? बाहेरच्या मैदानावरचे गोल दुप्पट धरतात.

अंधेरी_पूर्व | दुपारी १:३३

नाही धरत आता. युरोपात २०२१ लाच तो नियम काढला, आपल्याकडेही नाही. दोन्ही लेगची बेरीज, बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम.

मृदुला_ठाणे | दुपारी १:५०

गुरुवारची ११ ची मीटिंग ऑफिसात समोरासमोरच आहे का? की ऑनलाइन चालेल?

निळाशर्ट | दुपारी १:५८

ऑनलाइन चालेल बहुतेक. निम्मे लोक बंगळूरहूनच जोडतात. का?

मृदुला_ठाणे | दुपारी २:१०

मग पुण्याला ११ पर्यंत पोचायचं कारणच उरलं नाही. बाबांना कोल्हापूरला सोडायचंच आहे. मॅच पूर्ण बघा, मडगावात झोपा, पहाटे पाचला निघा आणि कोल्हापूरच्या घरी बसून मीटिंग करा. साडेदहापर्यंत आरामात पोचाल. लॅपटॉप बरोबर ठेवा, घरचं वायफाय चालू आहे का ते आजच बघून घ्या. संध्याकाळी तिथून पुणे.

तिकीट काढताना खालच्या रांगेतलं आणि कडेचं बघा, म्हणजे बाबांना पाय लांब करता येईल. नी-कॅप गाडीतच घालू द्या, पोचल्यावर नाही. दर दीड तासाला पाच मिनिटं उतरवा. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत, त्या आधीची चार वर्षं मी हेच करत होते.

घाटवाट | दुपारी २:२५

हे बरोबर आहे. मीटिंग ऑनलाइन होते हे आधी कळलं असतं तर मी ८५ व्या मिनिटाचं बोललोच नसतो.

मग येताना-जाताना दोन्ही वेळा उजेडात घाट. तसं असेल तर निपाणी, आजरा, आंबोलीने जा. चोर्ल्याचे खड्डे गुडघ्याला मानवणार नाहीत. आजऱ्याकडे रुंदीकरणाचं काम आहे, धूळ खाल, पण आदळआपट कमी. सावंतवाडीला जेवा. झुआरीवरचा नवा पूल डिसेंबरपासून दोन्ही बाजूंनी चालू झालाय, पूर्वीसारखं तिथे तास-तास थांबावं लागत नाही. सकाळी परतताना आंबोली ते आजरा हळू. गवे रस्त्यावर येतात, अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. पुढच्या गाडीने विनाकारण ब्रेक दाबला असं वाटलं तरी ओव्हरटेक करू नका.

आचारसंहिता | दुपारी ३:०२

७ मे ला मतदान आहे, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवा तिन्हीकडे. तुम्ही तीन राज्यांच्या हद्दी ओलांडणार, नाक्या-नाक्यावर तपासणी आहे. पन्नास हजारांवर रोख ठेवू नका. डिकी उघडायला सांगतील, शांतपणे उघडा. गोव्यातून बाटल्या आणू नका. अर्धा तास जास्तीचा धरा.

मासळीबाजार | दुपारी ३:२०

मडगावला गेलात तर राहण्याचं काहीही होवो, सकाळी मासळी बाजारात जा. चणक, मोडसो, तारली. एप्रिलमध्ये इसवण महाग असतो, पण बांगडा स्वस्त. थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून कोल्हापूरपर्यंत छान जातो.

निळाशर्ट | दुपारी ३:२६

सीएनजीच्या टाकीमुळे डिकीत जागा नाही, आणि आम्ही माळकरी. पण धन्यवाद. मृदुलाताई, तुमचा प्लॅन पक्का. साहेबांना मेसेज केलाय. फातोर्डेकर, स्टेडियमपासून चालत अंतरावर साधी, तळमजल्याची खोली मिळेल का? लिफ्ट नसेल तर वरची नको.

फातोर्डेकर | दुपारी ४:१५

व्यक्तिगत निरोपात दोन नंबर पाठवलेत, दोन्ही तळमजल्याचे. गाडी तिथेच लावा. साडेपाचला फोन करा, मी येतो आणि बाबांना गेटपर्यंत सोबत नेतो. आत गेल्यावर मात्र मी आमच्या बाजूला.

निळाशर्ट | शुक्रवार, २६ एप्रिल २०२४, सकाळी ६:५०

परत आलो. काल लिहायला वेळ मिळाला नाही, ज्यांनी मदत केली त्यांना सविस्तर सांगायचंय.

मंगळवारी कराड रात्री साडेदहाला सोडलं, रस्ता मोकळा होता. बुधवारी सकाळी सातला निघालो, आजऱ्याला धूळ, बाकी त्रास नाही. दोन ठिकाणी डिकी उघडली. अडीचला खोलीवर. बाबा तासभर झोपले. फातोर्डेकर काका बरोबर साडेपाचला दारात उभे होते, नारंगी शर्ट घालून. दोघं गेटपर्यंत धेंपोवर बोलत गेले, मी मागून.

आत शिरल्यावर बाबा पायऱ्यांच्या तोंडाशी थांबले. त्यांनी आधी गवत बघितलं, मग गोलपोस्ट, मग मला म्हणाले, "पाणी मारलंय बघ मघाशी, बॉल पळणार आज." एवढंच. माझ्या हाताला धरून खाली उतरले आणि कडेच्या खुर्चीवर बसले.

मॅच तुम्ही पाहिलीच असेल. १६ व्या मिनिटाला बोरिस सिंग, ५६ व्या मिनिटाला ब्रँडन, २-० गोवा. आमच्या ब्लॉकमध्ये सगळे खाली बघत बसलेले. समोर नारंगी समुद्र. ८५ व्या मिनिटाला खरं सांगतो, मी किल्ली खिशातून काढली. मागे-पुढे लोक उठत होते, बाबांचा गुडघा आखडला होता, गर्दीच्या आधी जिना चढलेला बरा असं मला वाटलं. बाबांनी किल्लीकडे बघितलं. "किती झाली?" म्हटलं, पंच्याऐंशी. "मग पाच हायत की अजून."

बसलो. ९० व्या मिनिटाला आमचा छांगते. मी ओरडून खाली बसतोय तोवर विक्रम प्रताप, २-२. मी बाबांकडे बघितलं तर ते पुढच्या रांगेची खुर्ची दोन्ही हातांनी धरून उभे होते, दुखऱ्या पायावर. आणि ९०+६ ला, म्हणजे इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला, पुन्हा छांगते, ३-२. पुढची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. एका अनोळखी मुलाने बाबांना मिठी मारली, बाबांनी त्याला सोडलंच नाही. समोरच्या स्टँडमधून आवाज पूर्ण गेला होता.

बाहेर फातोर्डेकर काका थांबले होते. डोळे लाल होते त्यांचे. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दोघं तसेच खोलीपर्यंत आले. रस्त्यात कोणी वावगा शब्द बोललं नाही.

पहाटे पाचला निघालो. आंबोलीच्या वर कडेला तीन गवे, घाटवाटांचं ऐकून चाळीसच्या पुढे गेलोच नव्हतो. दहा चाळीसला घर, अकराला मीटिंग. बाबा तोवर गल्लीत सांगायला गेले होते.

घाटवाट | सकाळी ७:१५

घरी नीट पोचलात, छान झालं. ८५ व्या मिनिटाचे माझे शब्द मी मागे घेतो.

फातोर्डेकर | सकाळी ७:४०

रात्रभर झोपलो नाही मी. सहा मिनिटांत तीन गोल, घरच्या मैदानावर, हे मी पस्तीस वर्षांत बघितलं नव्हतं. बाबांना नमस्कार. अजून एक लेग बाकी आहे.

मिसळवाला_भावा | सकाळी ८:०५

चुलते म्हणाले, पाटाकडीलचा तो बॅक आठवतोय, डाव्या पायाचा. बरोबर का?

निळाशर्ट | सकाळी ८:१२

बरोबर! डाव्या पायाचेच. बाबांना आत्ता फोन केला, ते तुमच्या चुलत्यांचा नंबर मागतायत.

आणि अजून एक मदत हवी आहे. सोमवारी २९ ला अंधेरीला दुसरा लेग. बाबा म्हणतात, मीपण येणार. स्टेडियमजवळ गाडी कुठे लावता येईल?

अंधेरी_पूर्व | सकाळी ८:१६

वीरा देसाई रोडला गाडी अजिबात आणू नका. मेट्रो धरा, आझाद नगर स्टेशन.

मृदुला_ठाणे | सकाळी ८:२०

पुण्याहून येणार की कोल्हापूरहून? मुक्काम कुठे? आणि सोमवारची रजा मिळाली का?